मुका घास

हंसी व्यायली ती माघ उतरताना, हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा. सगळ्यात आधी तिला मनकर्णानं पाहिलं. जात्याची घरघर सुरू व्हायच्या वेळेला मनकर्णा रोज लीद भरायला यायची. त्या दिवशी ती टोपलं काखेत तसंच धरून छपरीच्या तोंडाशी थांबली, आणि मग ओट्याकडं वळून हळूच म्हणाली, "मालक, उठा. पाव्हना आला."

खुशाल धोतर सावरत धावत आला. चार काड्यांवर ओलं फडकं वाळत घालावं तसं शिंगरू उभं होतं. पाय चारी दिशांना पळत होते, मान आईकडं. हंसी त्याला चाटत होती. तिच्या पांढऱ्या कातडीतून वाफ निघत होती, आणि पडवीत खुशालच्या आईनं, सोजरबाईनं, जात्याचा खुंटा तसाच हातात धरून ओवी धरली होती:

घोडी बाळंतीन झाली, तिले बाज ना बिछाना
उभी राहून पाजते, उभा राहून पेतो तान्हा

"माय, बाहेर तं ये," खुशाल म्हणाला.

"येतो. पायली सरू दे."

मनकर्णानं खाली पडलेली वार मातीवर पसरली. काठीनं तिची दोन्ही टोकं उलगडून पाहिली, कुठं तुकडा आत राहिला की काय. मग खड्डा करून पुरली. खुशाल बघत होता. त्याला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मनकर्णाचा बाप निजामाच्या वक्तात एका देशमुखाच्या पागेवर मोतद्दार होता, घोडी राखायचा, घोडं तिच्या हाताखालचं होतं, हे गावाला ठाऊक होतं.

वांकिडीहून दोन कोसांवरचं हे गाव. अकरा वर्षांत गावातले बहुतेक नवरदेव हंसीच्या पाठीवरून मारोतीच्या पाराला गेले. कपाशीच्या चार एकरांत खुशालचं घर चालायचं, पण घराला नाव होतं ते घोडीचं. 'घोडीवाल्या खुशालचं घर कोनतं,' असं पाहुणे विचारत यायचे. हंसीचं हे दुसरं वेत. पहिलं नऊ वर्षांमागं झालं होतं. आता तिचं वय झालं होतं, हे शेवटचं असेल असं सगळे म्हणत. आणि चार गावांत दुसरी दुभती घोडी नव्हती. हंसीला काही झालं तर शिंगरूही गेलं, हे सांगावं लागत नव्हतं.

खुशालनं खुराक आपल्या हातात ठेवला. सकाळी शेरभर भिजले हरभरे तोबऱ्यात, दिवसभर कडबा, सांजेला कोमट पाणी. बायकोलाही त्यानं तोबऱ्याला हात लावू दिला नाही.

"बाळंतीन हाय थे," कुसुमबाई म्हणाली. "शेरभरानं काय होते? अंगावर पेते तिचं लेकरू."

"मोतद्दारीन म्हनते, पयले आठ दिस हलकंच ठेवा. व्यायल्यावर पोट रिकामं राह्यते, आतडे जागा धुंडतात म्हने."

"मोतद्दारीन," कुसुमबाई तोंड वळवून म्हणाली. "आता लीद भरनारनीच्या इचारानं बाळंतपन करा."

तिसऱ्या दिवशी मनकर्णा टोपलं भरता भरता थांबली. लिदेचा एक गोळा तिनं बोटांनी फोडला, वास घेतला, आणि तळहातावर पसरून खुशालपुढं धरला. आत हरभऱ्याचे अख्खे दाणे होते, ज्वारीचे होते, वर शेंबडासारखी साय.

"मालक, दाना जास्ती होऊन राह्यला."

"शेरभर देतो मी. सोताच्या हातानं."

"शेराची लीद अशी नसते."

"मंग तू सांग, कोन देते?"

मनकर्णानं हात गवतावर पुसला. छपरीच्या मागच्या बोळाकडं तिची नजर गेली आणि परत आली. तिथल्या ओल्या मातीत बायकांच्या पायांचे ठसे होते, जोडव्यांच्या खुणांसकट. खुशालला ते दिसले नाहीत. त्याला दिसलं ते एवढंच, की तिची नजर वळली आणि तिनं ओठ मिटले.

"मी लीद भरतो मालक," ती म्हणाली, "राखन नाई करत." आणि टोपलं डोक्यावर घेऊन गेली.

ही लीद तिच्याच वांग्यांच्या वाफ्याला जायची. भरायची तिनं, न्यायची तिनं, असा जुना ठराव. तिचा मुलगा सुधाकर बेल्लमपल्लीला शाळेवर मास्तर होता, तो दर सणाला येऊन सांगायचा की हे टोपलं आता सोड. ती म्हणायची, वांगी तू खातं नं?

खुशाल त्या दिवशी तोबरा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. शेराची लीद अशी नसते, हे हिला कसं कळलं? आणि कळलं तर नाव का घेत नाही? मनात एक जुनं कुसळ होतं, ते हललं.

तीन वर्षांमागं सुधाकरचं लग्न होतं. मनकर्णा दुपारच्या उन्हात अंगणाच्या कडेला उभी राहून म्हणाली होती, "मालक, पोराच्या वरातीले हंसी द्या. विहारापासून पुलापर्यंत, जास्त नाई." खुशालनं बसल्या जागेवरून सांगितलं होतं, घोडीचा पाय सुजला. दुसऱ्या दिवशी हंसी गावातल्या बड्या उद्धवरावांच्या पोराला घेऊन मिरवली. त्या सकाळी लीद भरायला मनकर्णा आलीच होती. वाकून तिनं हंसीचे चारही पाय, एकामागून एक, हातानं चाचपून पाहिले होते. बोलली काही नव्हती. खुशालनं तेव्हा विडी पेटवली होती आणि ती दोनदा विझली होती.

जिला आपण डावललं, ती विसरली असेल असं माणसाला कधी वाटत नाही.

चौथ्या दिवशी लीद आली ती लिंबाएवढी, सुकी, दोनदाच. पाचव्या दिवशी आलीच नाही.

सकाळी हंसीनं तोबऱ्यात तोंड घातलं नाही. पुढच्या खुरानं ती माती उकरू लागली. मान वळवून आपल्याच कुशीकडं पाहायची, जणू तिथं कोणी हाक मारतं. मग बसली, उठली, पुन्हा बसली. शिंगरू प्यायला गेलं तर तिनं पाय उचलला. मारला नाही, नुसता उचलला, आणि ते बिचारं मागं सरून उभं राहिलं.

"शूळ हाय," शेजारचा बाबाराव म्हणाला. तो सकाळचा तंबाखू मागायला आला होता. "ताकात ववा अन् तेल घाल. नाळीनं पाज. माह्या बैलाले तसंच उतरलं."

कुसुमबाईनं बांबूची नाळ काढली, बैलाच्या घशात औषध ओततात ती. खुशालनं हंसीचं डोकं वर केलं. तेवढ्यात मनकर्णा आली. टोपलं खाली ठेवून तिनं सरळ नाळेवर हात ठेवला.

"बैलावानी पाजू नका, मालक. छातीत जाईन. घोड्याले ओकारी नाई. जे आत गेलं थे तोंडानं माघारी येत नाई, त्याले एकच वाट हाय. फिरवा तिले. लोळू देऊ नका. अन् वांकिडीचा डाक्टर बलवा."

"हात काढ," कुसुमबाई म्हणाली.

मनकर्णानं हात काढला.

"आवो," कुसुमबाई नवऱ्याकडं वळली, आणि तिचा आवाज खाली आला, ज्या आवाजात माणूस फार दिवस जपलेलं बोलतो. "मी बोलनार नोती. पन परवा पायटे, झुंजूमुंजू असताना, हिचा हात मी गव्हानीत पाह्यला. कोपरापर्यंत. मले पाहून पदर झाकला हिनं."

पडवीतलं जातं थांबलं. सोजरबाई पडवीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली होती.

खुशाल हंसीची दोरी बाबारावच्या हातात देऊन गव्हाणीशी गेला. कडब्याची पाचट बाजूला केली. तळाशी, लाकडाच्या फटीत, पाच-सहा हरभरे अडकले होते. त्यानं ते तळहातावर घेतले आणि उजेडात धरले. हरभऱ्यांना हळद लागली होती.

हळद लावलेला दाणा कशासाठी असतो, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला आपापल्या परीनं ठाऊक होतं. बाबाराव दोन पावलं मागं सरला.

"हे काय हाय, मनकर्णे?"

"हरभरे हायेत."

"हयद कोनं लावली?"

मनकर्णानं मान वर केली. ती खुशालकडं पाहत नव्हती. उंबऱ्यावर उभ्या सोजरबाईकडं पाहत होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं पाहत राहिल्या, जाता जाता पावसाची सर मध्येच थांबावी तेवढा वेळ. सोजरबाईच्या ओठांची हालचाल झाली. मग तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"मी नाई लावली," मनकर्णा म्हणाली.

"मंग कोपरापर्यंत हात कायले घातला?"

"इचारनाऱ्यानं परवा इचाराचं होतं. मी सांगतलं होतं, दाना जास्ती होऊन राह्यला."

"चोर बी असाच सांगते, की घरात चोर हाय," बाबाराव पुटपुटला.

"तुह्या पोराच्या वरातीचं ठेवलं होतं नं मनात," खुशाल म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं की तीन वर्षांत हे पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं, आणि ते त्याच्याच तोंडून.

मनकर्णानं रिकामं टोपलं उचललं. "घोडीचा पाय तेव्हा बी बरा होता, मालक," ती म्हणाली, आणि निघून गेली.

बाबाराव सायकलवर वांकिडीला गेला. कुसुमबाई हंसीला अंगणात फिरवू लागली. घोडी चार पावलं चालायची आणि गुडघे मोडायची, मग कुसुमबाई दोरी ओढून रडकुंडीला येऊन म्हणायची, "चाल माय, चाल." ऊन चढलं. हंसीच्या मानेवर, पोटाखाली, मांड्यांच्या आत घाम फुटला, पांढऱ्या अंगावर काळसर वाटा उमटल्या. तिच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं, मातीत. शिंगरू त्या ठिपक्यांचा वास घेत मागून चालत होतं.

खुशालला ते पाहवेना. तो मनकर्णाच्या घराकडं गेला.

विहाराच्या मागं तिचं घर. सारवलेलं, दारात वांग्याचे दोन वाफे, पानं हातभर रुंद. या आळीत खुशाल कधी आला नव्हता. दारातून आत पाहावं की पाहू नये हे त्याला कळेना. त्यानं बाहेरूनच हाक मारली.

मनकर्णा बाहेर आली. तिच्या हातात एक गाठोडं होतं, जुन्या लुगड्याच्या तुकड्याचं, वर गाठ घट्ट मारलेली. जणू तो येणारच हे तिला माहीत होतं.

"हे घ्या," ती म्हणाली. "तुमच्या गव्हानीतलं. तीन पायटचं."

त्यानं गाठ सोडली. हळद लागलेले हरभरे, हिरवे घाटे, नवी ज्वारी, गुळाचे खडे, सरकीच्या पेंडीचे तुकडे, भाकरीच्या चतकोरी आणि डिंकाचे लाडू. लाडू अर्धे, चुरलेले. सगळ्याला आंबूस वास सुटला होता. मुंग्या पळत होत्या.

"म्हंजे तू कबूल करतं."

"काहाडलं म्हनून कबूल करतो."

"काहाडलं का टाकलं?"

"टाकनारा घरी आनून बांधून ठेवते काय?"

"मंग तेव्हाच आनून काऊन नाई दाखवलं?"

मनकर्णा हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "दाखवलं असतं तं तुमी म्हनले असते, गव्हानीतला दाना चोरून नेते. नाई दाखवलं तं म्हनता, इख घालते. माह्या हातात दाना दिसला का तुमाले दोनच गोष्टी दिसतात, मालक."

"मंग हा कोनाचा हाय?"

"थे मी नाई सांगत. माह्याकडं त्याचा हक्क नाई. ज्याचा हाय त्याले इचारा."

खुशालनं गाठ पुन्हा आवळली. तो गाठोडं उचलून चालू लागला. वाटेत दोन-तीन घरांच्या बायका दारात आल्या. त्यानं मुद्दाम गाठोडं उंच धरलं. "करनी धरली," तो म्हणत गेला, "करनी धरली." बायकांनी गाठोड्याकडं पाहिलं. एकीनंही काही विचारलं नाही, पण एकेक करत त्या मागून येऊ लागल्या.

अंगणात डॉक्टरची राजदूत फटफटी उभी होती. डॉक्टर तेलुगू माणूस, जाड भिंगांचा चष्मा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं हंसीचा ओठ उलटवून हिरडी दाबली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग नळीचं तोंड तिच्या कुशीला लावलं. खाली, वर, दुसऱ्या बाजूला. फार वेळ.

"अच्छा घोडा है तो पेट बात करता," तो म्हणाला. "गडगड, गडगड. हमेशा. इसका पेट चुप है." त्यानं नळी कानातून काढली. "एम पेट्टिन्रु? क्या क्या खिलाया?"

"शेरभर चना, साहेब. और कडबा. बस."

"झूठ नको बोलो."

"करनी है, साहेब," बाबाराव म्हणाला. "जहर दिया किसीने."

खुशालनं गाठोडं जमिनीवर आपटलं. गाठ सुटली. दाणे, लाडू, पेंड मातीत पसरले. हळद उन्हात झगझगली. जमलेल्या बायका अर्ध्या पावलानं पुढं आल्या आणि तिथंच थांबल्या.

डॉक्टरनं चपलेच्या टोकानं ते हलवून पाहिलं. मग चष्मा पुसत सावकाश बोलला, जणू एकेक शब्द सगळ्यांच्या हातात द्यायचा आहे. "सुनो. दाना ज्यादा हुआ बोले तो नाक से नळी डालके तेल छोडना. जहर बोले तो तेल नहीं डालना, अलग दवा. दोनों एक साथ नहीं होता. गलत बोले तो ये शाम तक मरती. बच्चा भी मरता. ये इसके पेट में गया क्या? कौन दिया? कब से?"

हंसी कण्हली. तो आवाज घोडीचा वाटतच नव्हता, रिकाम्या रांजणात कोणी फुंकर मारावी तसा होता.

"मी सांगतो," बाबाराव म्हणाला. "थे मनकर्णा..."

"चूप बस, बाबा," सोजरबाई म्हणाली.

ती उंबऱ्यावरून उतरली. गुडघे धरत, एका पायरीला दोनदा थांबत. पसरलेल्या दाण्यांपाशी ती खाली बसली आणि त्यातला एक लाडू तिनं उचलला. अर्धा लाडू. फिरवून पाहिला.

"हा माहा हाय," ती म्हणाली. "खसखस घातलेला. गावात खसखस माह्या घरी हाय."

"माय?"

"मुका घास हाय हा, खुशाल. घोडीचा मुका घास." तिनं लाडवावरची मुंगी झटकली. "जिच्या पोराले घोडीनं पाठीवर नेलं, तिनं घोडी व्यायल्यावर पाच पायटा एकेक घास द्याचा. हयद लावून. कोनी पाह्याचं नाई, कोनाले सांगाचं नाई. सासू सुनेले बी सांगत नाई. पोराच्या लग्नाच्या दिवशी फक्त मायच्या कानात सांगतात. बोललं का घास वाया जाते, अन् पाडसाचं आयुष्य तुटते." तिनं लाडू मातीत ठेवला. "आता बोलली मी. आता तुटन."

खुशाल तिच्याकडं बघत होता. "सकाळी तुले मालूम होतं? मी मनकर्णेले बोललो तेव्हा?"

सोजरबाईनं पदर तोंडात धरला, सकाळी धरला होता तसाच. मग सोडला. "मालूम होतं."

डॉक्टरला एवढं मराठी कळत होतं. "एक औरत का घास," तो म्हणाला. "उससे ऐसा नहीं होता."

तेव्हा मागं उभी असलेली प्रयागबाई पुढं आली. ही उद्धवरावांची बायको, गळ्यात पोत, अंगावर जरीचं लुगडं, अंगणात कधी न येणारी. तिनं कोणाकडं न पाहता म्हटलं, "पेंड माही हाय. दोन पोरं मिरवले माहे. म्हनून दुप्पट देल्ली."

"घाटे आमचे," तिच्या शेजारची विमलबाई म्हणाली, आणि रडू लागली. "नवे होते. म्हनलं, हिरवं गोड लागन."

मग कोण काय म्हणालं ते वेगळं ऐकू येईना. ज्वारी यांची, गूळ त्यांचा. पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी चार दिवस अंधार असतानाच ओढा ओलांडून येत होती. नऊ वर्षांमागं हंसी पहिल्यांदा व्यायली तेव्हा तिनं चार-पाच पोरं मिरवली होती, चार-पाच घास तिनं सहज पचवले. आता अंगणात बायका मावत नव्हत्या. प्रत्येकीला वाटलं होतं आपला एकच घास. एकीला दुसरीचा ठाऊक नव्हता, कारण बोलायचं नव्हतं. तळहातावर माया घेऊन सगळं गाव त्या बोळातून आलं होतं, एकेकटं, चोरासारखं.

कुसुमबाई दोरी धरून उभी होती. "अन् मनकर्णाबाई?" ती हळूच म्हणाली. "तिचा घास कोनता?"

मनकर्णाचं पोर हंसीच्या पाठीवर बसलं नव्हतं. तिच्या कानात कोणी काही सांगितलं नव्हतं. गावात तेवढंच एक घर होतं, ज्यानं घोडीला काही खाऊ घातलं नव्हतं.

"ये सब जो नीचे पडा है," डॉक्टरनं विचारलं, "ये कौन निकाला?"

"एक बाई हाय, साहेब," खुशाल म्हणाला.

"वो नहीं निकालती तो मेरे को बुलाने का काम नहीं था. गड्ढा खोदने का था."

त्यानं रबरी नळी गरम पाण्यात बुडवली. नाकातून ती आत जाताना हंसीच्या डोळ्याचं पांढरं दिसलं. खुशालनं तिचं डोकं छातीशी धरलं होतं. नरसाळ्यातून जवसाचं तेल संथ उतरत गेलं. मानेत सुई टोचली. "दाना बंद," डॉक्टर हात धुताना म्हणाला. "एकदम बंद. पानी, घुमाना. लीद आयी तो बची. नहीं आयी तो अंदर आंत पलट गयी समझो, फिर मेरे हाथ में कुछ नहीं." दिवस कलला तेव्हा राजदूत धूळ उडवत गेली.

बायका गेल्या नाहीत. दोरी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात राहिली. प्रयागबाईनं जरीचं लुगडं खोचून चार फेऱ्या मारल्या. कोणी बोलत नव्हतं, पण आता न बोलणं वेगळं होतं. प्रत्येकजणी दुसरीच्या हाताकडं पाहत होती, मुठीत काही आहे का. विमलबाईनं शिंगराच्या पाठीवरून हात फिरवला तर कुसुमबाई पटकन म्हणाली, "हात दाखवा." विमलबाईनं दोन्ही हात उघडून दाखवले.

पहाटे सोजरबाई जात्यावर बसली. दळण नव्हतं, नुसताच खुंटा धरला. खुशालच्या कानावर ओवी आली, हळू:

पोटातलं दुखनं बाई, कोनाच्या नजरेस दिसे
घोडीले नाई जीभ, अन् बाईले असून नसे

तो छपरीत गेला. हंसी उभी होती. कान पुढं. शिंगरू तिच्या पोटाशी डोकं खुपसून ढुशा मारत होतं आणि ती मारू देत होती. तिच्या मागं, पाचटावर, ढीग पडला होता. तेलानं चकाकणारा, काळपट, अजून वाफ निघणारा. खुशाल त्याच्यापुढं उकिडवा बसला. अकरा वर्षं ही घोडी त्याच्या दारात होती आणि लिदेकडं त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यानं काडीनं हलवलं. आत दाणे होते, अख्खे, आणि मधेच पिवळा डाग, हळदीचा असावा. हे चांगलं की वाईट? पुरेसं की अजून आत आहे? त्याला कळेना. काडी टाकून त्यानं हातानं एक गोळा उचलला, फोडला. तरी कळेना.

त्यानं वाट पाहिली. उजेड झाला. जात्याची वेळ गेली, पाण्याची वेळ झाली, बायका हंडे घेऊन नदीकडं निघाल्या. बोळातून टोपलं आलं नाही.

कुसुमबाईनं ओट्यावरून पाहिलं. नवरा कोपऱ्यातलं टोपलं झटकत होता. मग तो दोन्ही हातांनी लीद भरू लागला.

"कुठी?"

"येतो."

टोपलं काखेत मावेना. हातात धरलं तर अंगाला लागायचं. चार पावलांवर त्यानं ते डोक्यावर घेतलं. वाटेत नदीवर जाणाऱ्या बायका थबकल्या, बाजूला झाल्या. पारावर बाबाराव दात घासत बसला होता, त्याचं बोट तोंडातच राहिलं. "कोनाच्या वावरात?" त्यानं विचारलं. खुशाल थांबला नाही. टोपल्यातून एक थेंब त्याच्या कानामागून मानेवर उतरला, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मनकर्णा वाफ्यात वाकून वांग्याची किडकी पानं खुडत होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली. आधी त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या मागं, की अजून कोण कोण येतंय. मागं कोणी नव्हतं. ती सरळ झाली नाही. हातात पान तसंच.

"आता काय सापडलं?" तिनं विचारलं.

खुशालनं टोपलं तिच्या वाफ्याच्या कडेला उतरवलं.

"मनकर्णाबाई," तो म्हणाला, आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. "आली. पायटे आली. पन मले समजत नाई. एकडाव पाहून सांगा."

ती तशीच वाकून राहिली. इतका वेळ, की त्याला वाटलं ही पाहणार नाही, आणि न पाहिलं तर तिचं बरोबरच आहे. तिच्या डोळ्यांत अजून तो कालचाच खुशाल होता, गाठोडं उंच धरून जाणारा. मग तिनं पान फेकलं, लुगड्याला हात पुसला आणि टोपल्यापुढं बसली. एक गोळा उचलला. अंगठ्यानं फोडला, नाकाशी नेला, दुसरा फोडला. खुशाल उभाच होता. या दारात त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"वाट मोकळी झाली," ती अखेर म्हणाली. "पन आत अजून हाय. वल्लं गवत, मूठभर, तीनदा. दाना दाखवू बी नका."

"नाई दाखवत."

"बोळाले काटे लावा."

"लावतो."

तिनं टोपलं वाफ्यात पालथं केलं, बूड थापटून रिकामं केलं आणि त्याच्याकडं सरकवलं. मग पुन्हा पानं खुडायला वाकली. तो वळून दहा पावलं गेला असेल, तेव्हा मागून तिचा आवाज आला, तिनं मान वर न करता म्हटलेला.

"उद्याची बी घिऊन या. ताजी."